दमट आकाशातला ऑक्सिजन

कोकणातलं आकाश काळं आहे, पण कोरडं नाही. तेजोमेघांच्या फोटोंसाठी नॅरोबँड फिल्टर (प्रकाशाचा अगदी अरुंद पट्टाच आत सोडणारा) घ्या, हा सल्ला सहसा शहरात गच्चीवर दुर्बीण लावणाऱ्याला दिला जातो आणि त्यामागे कारण असतं दिव्यांचा उजेड. देवगड, मालवण किंवा गुहागरच्या बाजूला हा प्रश्न तेवढा मोठा नाही. इथे दिवे मोजके. पण हवेत पाणी ठासून भरलेलं, त्या पाण्यात मीठ, आणि वर्षाचे चार महिने आकाश दिसण्याची आशाच सोडायची. फिल्टर उजेड अडवतो, दमटपणा अडवत नाही. म्हणून किनाऱ्यावर या छंदाचं गणित वेगळं मांडावं लागतं, आणि त्यातला अवघड भाग म्हणजे ऑक्सिजन. हायड्रोजन काय, पुण्याच्या गच्चीवरूनही मिळतो.

तारा सगळ्या रंगांत प्रकाशतो. तेजोमेघातला विरळ वायू मात्र ठरावीक तरंगलांबींवरच उजळतो. हायड्रोजन-अल्फाची रेषा ६५६.३ नॅनोमीटरवर, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची, म्हणजे ओ-थ्रीची, ५००.७ वर आणि एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या गंधकाची, म्हणजे एस-टूची, ६७१.६ आणि ६७३.१ अशी जोडी. दृश्य वर्णपट ढोबळमानाने ३०० नॅनोमीटरचा धरला, तर ३ नॅनोमीटरचा फिल्टर त्यातला शंभरावा भाग आत सोडतो. तेजोमेघाची रेषा त्या फटीतून जवळपास पूर्ण येते आणि आकाशाचा इतर उजेड बहुतेक बाहेर राहतो. ७ नॅनोमीटरचा हायड्रोजन फिल्टर घेतला तर ६५८.४ वरची नायट्रोजनची रेषाही त्यात शिरते. ते वाईटच असं नाही, फक्त आपण निव्वळ हायड्रोजन टिपतोय या भ्रमात राहू नये.

रस्त्यांवर पिवळे सोडियमचे दिवे होते तेव्हा फिल्टरचं काम सोपं होतं. त्यांचा बहुतेक उजेड ५८९ नॅनोमीटरच्या आसपास असायचा, आपल्या तिन्ही रेषांपासून लांब. आता ग्रामपंचायतीच्या खांबावर पांढरा एलईडी आहे आणि त्याचा वर्णपट सलग असतो. त्यामुळे ओ-थ्री फिल्टरमधूनही त्याचा थोडा वाटा आत येतोच. समुद्रावर तर त्याहून जास्त. एलईडी लावून मासेमारी करायला केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली आहे, तरी पश्चिमेच्या क्षितिजावर पांढरे पट्टे दिसतात ते दिसतातच. खाऱ्या धुरकट हवेत ते बरेच वर चढतात. साधा उपाय म्हणजे पश्चिमेकडे शेवटी वळायचं. वस्तू पूर्वेकडून वर येत असताना आणि माथ्याजवळ असताना काम करून घ्यायचं, समुद्राच्या अंगाला ४० अंशांखाली गेली की थांबायचं.

एकेक रेषा वेगळी काढून पाहण्याच्या या उद्योगाचं कोकणाशी जुनं नातं आहे. विजयदुर्ग किल्ल्यातले ‘साहेबाचे कट्टे’ ही हेलियमच्या शोधाची जागा, असं सर्रास सांगितलं जातं. पण हेलियमच्या शोधाशी ज्यांची नावं जोडली जातात त्या दोन खगोलशास्त्रज्ञांपैकी, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रान्सचा जाँसेन गुंटूरला होता आणि लॉकियर इंग्लंडात. लॉकियर विजयदुर्गला आला तो तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, प्रिझम बसवलेले कॅमेरे घेऊन. हेलियमच्या दंतकथेपेक्षा हे मला जास्त आवडतं. सूर्याच्या कडेचा उजेड रेषारेषांत फोडून त्याचे फोटो काढायला तो इथे आला होता. आपण तेच करतो, फक्त प्रिझमऐवजी काचेवर चढवलेल्या पातळ थरांनी.

ऑक्सिजनची रेषा हगिन्स या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाला १८६४ मध्ये एका तेजोमेघाच्या वर्णपटात दिसली, पण ती कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी जुळेना. उलगडा १९२७ मध्ये बोवेन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने केला. वायू इतका विरळ हवा, की उत्तेजित अणूला दुसऱ्या कणाचा धक्का लागण्याआधी निवांत प्रकाश सोडायला वेळ मिळावा. प्रयोगशाळेतल्या साध्या नळीत हे घडत नाही, तेजोमेघात घडतं. बहुतेक तेजोमेघांत मात्र ही रेषा हायड्रोजनपेक्षा फिकी असते. त्यात ती निळ्या-हिरव्या भागात येते, आणि हवेचे रेणू त्या भागातला प्रकाश जास्त विखुरतात. ५००.७ आणि ६५६.३ यांचा हिशेब केला तर विखुरणं जवळजवळ तिप्पट भरतं. म्हणून चंद्र असताना हायड्रोजन आणि गंधक घ्यायचं, आणि अमावास्येच्या आगेमागे पाच-सहा रात्री ऑक्सिजनसाठी राखून ठेवायच्या. दमट हवेत चंद्राभोवती खळं पडलं असेल तेव्हा ओ-थ्रीच्या फ्रेम काढणं म्हणजे डिस्क भरणं. त्या नंतर टाकूनच द्याव्या लागतात.

जागा निवडताना खाडीकाठचं घर कितीही सोयीचं असलं तरी सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, बरा. रात्री गार हवा उतरून खोलगट भागात साठते आणि पहाटे तिथे धुकं बसतं, वरचा कातळ त्याच वेळी मोकळा असतो. दिवसभर तापलेला जांभा संध्याकाळी उष्णता सोडत राहतो आणि त्याने तारे थरथरतात. ४०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला याने फार बिघडत नाही, १००० च्या पुढे बिघडतं. हिवाळ्यात रात्री वारा फिरतो, समुद्राकडून येणारे खारे वारे पडतात आणि जमिनीवरून मतलई वारे सुरू होतात. ही हवा त्यामानाने कोरडी असते. ऑक्सिजनच्या फ्रेम वारा फिरल्यावर सुरू कराव्यात, त्याआधीच्या तासात फोकस, ध्रुवाशी अक्षाची जुळवणी आणि गाइडिंगची (एका ताऱ्यावर नजर ठेवून दुर्बीण अचूक फिरवण्याची) तयारी उरकून घ्यावी. आणि सड्यावर अंधारात दगड हाताने उचलू नये. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्याच्या फटींत फुरसं, हा विषारी साप, असतं. बूट घालायचे, बॅटरी पायाशी मारायची.

ध्रुवतारा इथे साधारण १७ अंशांवर, म्हणजे माडांच्या शेंड्यांत किंवा धुरकटात. पोलर स्कोपमधून (माउंटच्या अक्षातल्या छोट्या दुर्बिणीतून) तो शोधत बसण्यात अर्थ नाही. नीनासारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये आकाशाच्या कुठल्याही भागातले तीन फोटो घेऊन, त्यांतले तारे ओळखून, अक्षाची चूक काढता येते. दोन कलांच्या (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आत आणली की पुरे. दुसरी गोष्ट माउंटची, म्हणजे दुर्बीण पेलून ताऱ्यांमागे फिरवणाऱ्या यंत्राची. बरेच विषुववृत्तीय माउंट उत्तरेकडचे देश डोळ्यांपुढे ठेवून बनवलेले असतात. अक्ष १७ अंशांवर झुकवला की काउंटरवेटचा दांडा तिपाईच्या पायाला लागू शकतो किंवा उंचीचा बोल्ट टोकाला जातो. विकत घेण्याआधी खालची मर्यादा किती अंशांची आहे ते पाहावं, आणि तिपाईवर आठ इंचांचा पिअर (खांब) वाढवून घ्यावा.

आता दव. बाकीच्या चुका सुधारता येतात, दवात गेलेली रात्र सुधारता येत नाही. हवेचं तापमान २० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू १७.४ येतो, म्हणजे अडीच अंशांचाच फरक. दुर्बिणीची पुढची काच उघड्या आकाशाकडे तोंड करून असते, उष्णता वर सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षा सहज तेवढी गार होते. पहिली खूण काचेवर दिसत नाही, आकड्यांत दिसते. ताऱ्यांचा एचएफआर (फोटोतला तारा किती पसरट झाला याचा आकडा) २.१ वरून २.३, मग २.६. फोकस तर बिघडलेला नसतो. मग तेजस्वी ताऱ्यांभोवती मऊ वलय येतं, फ्रेममधल्या ताऱ्यांची संख्या घटते, आणि गाइडिंगचा प्रोग्रॅम पीएचडी२ तक्रार करतो की गाइडचा तारा हरवला. गाइडची छोटी दुर्बीण आधी दवते, कारण तिच्यावर पट्टी लावायला लोक विसरतात. तोपर्यंत अर्ध्या तासाच्या फ्रेम वाया गेलेल्या असतात.

उपाय हीटरच्या पट्टीचा, पण तो दव पडायच्या आधी. ८० मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीला १२ व्होल्टची, दहा वॅटच्या आसपासची पट्टी पुरते. ती भिंगाच्या कडेशी, डय़ू शील्डच्या (भिंगापुढच्या दव अडवणाऱ्या नळीच्या) मागे बसवायची. काच हवेपेक्षा एक-दोन अंश गरम राहिली की झालं. पूर्ण जोरावर चालवली तर नळीत गरम हवेचे प्रवाह उठतात आणि तारे फुगतात, म्हणून नियंत्रक ३० टक्क्यांवर ठेवून सुरुवात करायची आणि गरजेप्रमाणे वाढवायचं. डय़ू शील्ड भिंगाच्या व्यासाच्या दीडपट तरी लांब हवी. योगा मॅटचा तुकडा गुंडाळला तरी चालतो. केस वाळवायचं ड्रायर हा शेवटचा पर्याय, कारण त्याने दव जातं, पण भिंग पुन्हा सम तापमानावर यायला अर्धा तास लागतो.

कॅमेऱ्याच्या आतही हेच चालतं. सेन्सर उणे दहावर नेला आणि बंद कप्प्यात दमट हवा शिरलेली असेल, तर मधोमध बर्फाचं जाळं उमटतं. मग सिलिकाच्या गोळ्या बदलायच्या. थंड करताना मिनिटाला दोन-तीन अंशांच्या वर घाई करायची नाही. माझं मत विचाराल तर कोकणात वर्षभर शून्य अंशावरच काम करावं. जानेवारीत उणे दहा सहज मिळतं, मे महिन्यात रात्री २८ अंश असताना कूलर पूर्ण क्षमतेवर जाऊनही डळमळतो. सोनीच्या आयएमएक्स ५३३ किंवा ५७१ सेन्सरमध्ये शून्यावरही डार्क करंट (उष्णतेने सेन्सरमध्ये आपोआप जमणारा सिग्नल) एवढा कमी असतो की फोटोत फरक ओळखू येत नाही. शिवाय डार्क फ्रेमचा (तो वजा करायला दुर्बीण झाकून काढलेल्या फोटोंचा) एकच संच वर्षभर चालतो.

विजेचं म्हणाल तर घरचा पुरवठा मधेच जाणार हे गृहीत धरावं. माउंट १५, कॅमेरा २५, पट्ट्या १५ आणि छोटा संगणक १५ वॅट, असे ७० वॅट धरले तर आठ तासांत ५६० वॅट-तास लागतात. १२.८ व्होल्टची ६० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ७६८ देते. लेड-अॅसिड घेतली तर तिची अर्धीच क्षमता हिशेबात धरायची. थंडीत पहाटे तिचा दाब घसरला की आधी माउंट पावलं चुकवतो आणि मग कॅमेरा संगणकाला दिसेनासा होतो. लोक मग रात्रभर यूएसबी केबल बदलत बसतात. प्रत्येक फाट्याला फ्यूज हवा, आणि बॅटरी जमिनीवर न ठेवता प्लॅस्टिकच्या क्रेटवर.

फिल्टर घेताना दुर्बिणीचा एफ आकडा (नाभीय अंतर भागिले भिंगाचा व्यास) आधी पाहावा. प्रकाश तिरका आला की फिल्टरची फट निळ्याकडे सरकते. एफ/५ च्या दुर्बिणीत कडेचे किरण जेमतेम ०.८ नॅनोमीटर सरकवतात, ते ३ च्या फिल्टरला सोसतं. एफ/२ ला हाच आकडा ५ च्या जवळ जातो, म्हणजे रेषा फटीच्या बाहेर. तिथे वेगवान प्रकाशिकीसाठी बनवलेले फिल्टरच लागतात, साध्या महाग फिल्टरने काही होत नाही. आकाराचं सोपं आहे. आयएमएक्स ५३३ ला सव्वा इंची पुरतो, ५७१ ला ३६ मिलिमीटरचा हवा. तेजस्वी ताऱ्याभोवती गोल चकती उमटते का, याची परीक्षा मृगाच्या पट्ट्यातल्या अल्निटाकवर घ्यावी, घोडामुखाच्या शेजारीच तो आहे. चकती उमटली तर फिल्टर उलटा बसवून पाहावा. चकचकीत बाजू सहसा आकाशाकडे असते.

रंगीत कॅमेरा असेल तर हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकदम सोडणारा ड्युअल-बँड फिल्टर मिळतो, आणि सुरुवातीला तोच घ्यावा. हायड्रोजन फक्त लाल पिक्सेलवर, म्हणजे एक चतुर्थांश भागावर पडतो, ऑक्सिजन हिरव्या-निळ्यावर. अडचण एवढीच की चंद्राच्या रात्री दोन्हींवर पाणी सोडावं लागतं. मोनो (काळ्या-पांढऱ्या) कॅमेऱ्यात रात्र वाटून देता येते, आणि किनाऱ्यावर स्वच्छ रात्री मोजक्याच मिळतात म्हणून ही मुभा मोलाची आहे.

एक्स्पोजर किती, याला एक हिशेब आहे. आकाशाच्या पार्श्वभूमीतून जमलेले इलेक्ट्रॉन रीड नॉइजच्या (फोटो वाचताना कॅमेरा स्वतः घालतो त्या गोंधळाच्या) वर्गाच्या दहापट व्हावेत. ५७१ सेन्सर गेन १०० वर चालवला तर रीड नॉइज दीडच्या आसपास आणि एका एडीयूला (फोटोच्या फाइलमधल्या एका एककाला) पाव इलेक्ट्रॉन. म्हणजे साडेबावीस इलेक्ट्रॉन किंवा ९० एडीयू. फ्रेमच्या मध्यकातून डार्कचा मध्यक वजा केला की कळतं. सड्यावरच्या काळ्या आकाशात ३ नॅनोमीटरने हे गाठायला दहा मिनिटंही लागू शकतात. पण मध्येच वारा आला, मुंगी केबलमध्ये शिरली, ढगाचा पुंजका सरकला, तर दहा मिनिटं जातात. म्हणून पाच मिनिटांवर तडजोड करावी, दर दोन फ्रेमनंतर डिदर द्यावा, म्हणजे दुर्बीण किंचित सरकवावी. हायड्रोजन पाच तास घेतला तर ऑक्सिजन किमान आठ तास हवा. बहुतेकांचं उलट होतं. हायड्रोजन पहिल्याच फ्रेममध्ये छान दिसतो, म्हणून तोच जमवत राहतात, आणि शेवटी ऑक्सिजन इतका अपुरा पडतो की ताणल्यावर (फिका भाग उजळ केल्यावर) निळ्या भागात नुसती वाळू दिसते.

फिल्टर बदलला की फोकस पुन्हा, उत्पादकाने ‘सगळे एकाच फोकसचे’ असं छापलेलं असलं तरी. बाहतिनोव्ह मास्क (ताऱ्याभोवती रेघा पाडून फोकस दाखवणारी जाळी) वापरणार असाल तर व्याध किंवा राजन्य यांच्यावर पाच-दहा सेकंदांची फ्रेम घ्यावी. फिक्या ताऱ्याची रेघ नॅरोबँडमध्ये दिसत नाही. फ्लॅट फ्रेमही (सारख्या उजळ पॅनलचे फोटो, धुळीचे डाग काढण्यासाठी) प्रत्येक फिल्टरच्या वेगळ्या घ्यायच्या, मध्यक २५,०००च्या आसपास. पांढऱ्या एलईडी पॅनलमध्ये गडद लाल फार कमी, म्हणून गंधकाला ऑक्सिजनपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. पॅनल बिघडलंय असं वाटून घेऊ नये. रात्र संपताना, दुर्बीण हलवण्याआधीच फ्लॅट घ्यायचे. सकाळी घ्यायचे ठरवले तर तोवर फिल्टरवरचा धुळीचा कण सरकलेला असतो.

वस्तूंचं वेळापत्रक पावसाने ठरवलेलं आहे. हंसातला उत्तर अमेरिका आणि व्हेल (Veil) तेजोमेघ माथ्यावर येतात तेव्हा इथे मुसळधार असतो. ऑक्टोबरच्या पहिल्या रात्री जे मिळेल ते, तेही संध्याकाळचे गडगडाटी ढग ओसरल्यावर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच खरा हंगाम. एकशृंगीतला रोझेट या हंगामाचा राजा आहे. १७ अंश उत्तरेवरून तो ७८ अंशांपर्यंत चढतो आणि ४५ च्या वर जवळपास सहा तास राहतो. ४०० मिलिमीटर आणि ५३३ सेन्सर घेतला तर १.६ अंशांचं क्षेत्र मिळतं, त्यात तो नीट बसतो. शिवाय त्याच्या पोकळीभोवती ऑक्सिजन भरपूर आहे. पहिल्यांदा ओ-थ्री घेणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी. शर्मिष्ठेतला हार्ट तेजोमेघ इथून ४६ अंशांच्या वर जात नाही, त्याचा फक्त हायड्रोजन घ्यावा. कृत्तिका किंवा तत्सम परावर्तित प्रकाशाच्या तेजोमेघांवर नॅरोबँड लावू नये, तिथे रेषाच नाही. मार्चपासून राब भाजायला सुरुवात होते, धूर साठतो. तरी एप्रिल-मेच्या पहाटे धनूतला लगून एम ८ आणि त्याच्या उत्तरेचा गरुड तेजोमेघ एम १६ सोडू नयेत, उत्तरेकडच्या देशांत ते इतके वर येत नाहीत. दक्षिणेला नौकेतला कॅरिना तेजोमेघ १३ अंशांवर दिसतो. मोह होतो, पण एवढ्या खाली हवेचा थर चौपटीहून जास्त असतो. हायड्रोजनचा एक फोटो आठवण म्हणून काढावा.

जूनआधी सामान आवरताना फिल्टर कोरड्या कापडाने पुसू नयेत. मिठाचे कण असतात, ते थरावर ओरखडे काढतात. आधी हवेचा फुगा, मग डिस्टिल्ड पाण्याचा ओला बोळा, मग भिंगाचं द्रावण. दुर्बीण, कॅमेरा, फिल्टर सगळं हवाबंद डब्यात, सिलिका जेल आणि आर्द्रतामापकासह, ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये. दर पंधरवड्याला सिलिका भाजून घ्यायचा. नळीचं प्रत्येक भोक आणि सॉकेट टोपणाने बंद करायचं, नाहीतर कुंभारमाशी मातीचं घर बांधते. तिला पोलर स्कोपचं छिद्र विशेष आवडतं.

मग पावसात फोटोंवर काम. सिरिल हा प्रोग्रॅम मोफत आहे आणि सुरुवातीला पुरतो. गंधक लाल, हायड्रोजन हिरवा, ऑक्सिजन निळा ही रंगसंगती हबलच्या १९९५ च्या गरुड तेजोमेघातल्या खांबांच्या चित्रामुळे रूढ झाली. गंधक कमी असेल तर हट्टाने ती वापरू नये. हायड्रोजन लाल आणि ऑक्सिजन निळा-हिरवा एवढ्यावर रोझेट जास्त प्रामाणिक दिसतो. तारे वेगळे काढून मगच वायू ताणावा, नाहीतर ऑक्सिजन वर आणताना तारे फुगतात. शिवाय तीन रेषांच्या चित्रात ताऱ्यांना जांभळट छटा येते, कारण हायड्रोजनचा फिल्टर बाकीच्या दोघांपेक्षा कमी ताणलेला असतो. त्यासाठी हंगामातच साध्या लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरने तीस-तीस सेकंदांच्या फ्रेम, प्रत्येकी वीस मिनिटं, काढून ठेवाव्यात. हे काम राहून गेलं आणि जुलैत लक्षात आलं, तर नोव्हेंबरपर्यंत थांबावं लागतं. जूनच्या शेवटी सूर्य मृग-एकशृंगीच्या बाजूलाच असतो, आणि पुढे सप्टेंबरपर्यंत ढग.